झाडावरचा सौदा

कारंजा (घाडगे) तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. काही शेतकरी फळे तोडून स्वतः बाजारात नेतात. पण फळे झाडावर असतानाच सौदा करून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. अशा वेळी व्यापारी बागेत येतो. फळे अजून हिरवीच असतात. तो ओळीओळींतून फिरतो, एखाद्या झाडाखाली उभा राहून वर पाहतो, फांदी हलवून बघतो, मनात हिशेब करतो आणि एक आकडा बोलतो. शेतकरी त्याहून मोठा आकडा बोलतो. थोडी घासाघीस होते आणि शेवटी इसार दिला जातो. उर्दूत आपण ज्याला बयाना म्हणतो, तोच हा इसार.

त्यानंतर काय होईल ते कोणालाच ठाऊक नसते. फळगळ झाली, गारपीट झाली, तर व्यापाऱ्याने दिलेला पैसा निघत नाही. फळे टिकली आणि भाव चढला, तर तीच बाग त्याला दुप्पट देऊन जाते. मग लोक म्हणतात, ‘गड्याने सौदा साधला.’ सौद्याच्या दिवशी मात्र हिरव्या फळाकडे पाहून केलेला तो एक अंदाजच असतो.

मुलांनो, जगात काही ठिकाणी खेळाडूंचाही असाच झाडावरचा सौदा होतो. तो कसा होतो, त्यात कोण फसतो आणि कोणाला कवडीमोलाने हिरा मिळतो, हे आज आपण पाहू.

अशा सौद्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत तुम्हाला चांगली माहीत आहे, फक्त तिचे नाव माहीत नसेल. मैदानावर कबड्डीचा डाव मांडताना तुम्ही काय करता? दोन गडी कप्तान होतात. एक कप्तान एकाला निवडतो, मग दुसरा निवडतो, पुन्हा पहिला. उंच, दणकट मुलगा सगळ्यांत आधी जातो. शेवटी एखादा बारका मुलगा उरतो. त्याला कोणी मागत नाही, म्हणून ‘कच्चा लिंबू’ म्हणून तो कुठल्या तरी संघात ढकलला जातो. त्या वेळी त्याचा चेहरा कसा होतो, हे मधल्या सुट्टीत मैदानावर देखरेख करणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलची एन.बी.ए. नावाची मोठी स्पर्धा आहे. तेथे दरवर्षी नेमका हाच प्रकार होतो. त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. देशोदेशींच्या तरुण खेळाडूंमधून संघ एकेक खेळाडू निवडत जातात. दोन फेऱ्यांत सुमारे साठ खेळाडू निवडले जातात. आदल्या वर्षी जे संघ दुबळे ठरले, त्यांचा नंबर आधी येतो. श्रीमंत आणि बलाढ्य संघांनीच सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, म्हणून ही व्यवस्था आहे. पण मग पहिला नंबर मिळावा यासाठी एखादा संघ मुद्दाम हरू लागला तर? हा धोका ओळखून १९८५ पासून तेथे पहिल्या काही नंबरांसाठी सोडत काढली जाते.

स्वस्तात लाभलेल्या खेळाडूला तिकडचे लोक ‘स्टील’, म्हणजे चक्क चोरी, असे म्हणतात. रत्न मिळाले पण त्याचे मोल मोजावे लागले नाही, असा त्याचा अर्थ. आणि मोठ्या आशेने घेतलेला खेळाडू चालला नाही, तर त्याला आपल्या भाषेत ‘फुसका बार’ म्हणता येईल.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८४ सालचे आहे. त्या वर्षी पहिला नंबर कोणाचा हे ठरवण्यासाठी ह्यूस्टन आणि पोर्टलंड या संघांत नाणेफेक झाली. ह्यूस्टनने ती जिंकली आणि हकीम ओलाजुवान हा नायजेरियाचा उंचापुरा खेळाडू निवडला. ही निवड पुढे उत्तम ठरली. दुसरा नंबर पोर्टलंडचा होता. त्यांनी सॅम बोवी या सात फुटांहून उंच खेळाडूला घेतले. तिसरा नंबर शिकागोचा होता. त्यांच्या वाट्याला मायकेल जॉर्डन आला.

जॉर्डनने शिकागोला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. बास्केटबॉल कधी न पाहिलेल्या माणसालाही त्याचे नाव ठाऊक असते. बोवीच्या पायाची हाडे मात्र पुन्हा पुन्हा मोडली. एक संपूर्ण हंगाम त्याला एकही सामना खेळता आला नाही. आजही चुकलेल्या निवडीचा विषय निघाला, की लोक त्या बिचाऱ्याचे नाव घेतात.

पण पोर्टलंडची माणसे मूर्ख होती का? त्यांच्या संघात क्लाइड ड्रेक्सलर हा जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा गुणी तरुण आधीपासून होता. त्यांना बास्केटजवळ उभा राहणारा उंच खेळाडू हवा होता. म्हणजे घरात जे नव्हते, ते आणायला ते बाजारात गेले होते. त्यांचा हिशेब कागदावर बरोबर होता. फक्त एक गोष्ट त्यांनी हलकी मानली. बोवीच्या पायाला कॉलेजात असतानाच गंभीर दुखापत झाली होती आणि त्यापायी त्याची दोन वर्षे वाया गेली होती. बागेत फळ मोजणाऱ्याने झाडाचे खोडही पाहावे लागते!

उलट बाजूचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. सर्बिया देशातील निकोला योकिच हा तरुण २०१४ साली एक्केचाळिसाव्या नंबरावर निवडला गेला. त्याच्या आधी चाळीस जण निवडून झाले होते. तो फार उंच उडी मारत नसे, वेगाने धावतही नसे, दिसायला थोडा जाडसर होता. त्याच्या नावाची घोषणा झाली, तेव्हा अमेरिकेतील दूरदर्शनवर खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती. लोकांनी ते नाव पाहिले, ते जाहिरातीच्या एका कोपऱ्यात! पुढे त्याने २०२१, २०२२ आणि २०२४ या वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला आणि २०२३ मध्ये डेन्व्हर संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. योकिचजवळ काय होते? कोणता साथीदार पुढच्या क्षणी कोठे असेल, हे त्याला आधी दिसत असे. उंची मोजायला फूटपट्टी आहे, वेग मोजायला घड्याळ आहे. ही नजर मोजायला कोणतेच माप नाही. मला वाटते, निवड करणारे बहुतेक वेळा येथेच चुकतात. ज्याचे माप घेता येते, तेवढ्यालाच ते गुण समजतात.

आपल्या देशातील एक तरुणही या ड्राफ्टमध्ये निवडला गेला आहे. पंजाबातील बल्लोके गावचा सतनामसिंग भमरा. सात फूट दोन इंच उंचीच्या या तरुणाला २०१५ साली डॅलस संघाने बावन्नाव्या नंबरावर घेतले. अशी निवड झालेला तो पहिला भारतीय. पण एन.बी.ए.चा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. यावरून काही जण त्याला अपयशी म्हणतात. मला ते पटत नाही. बावन्नाव्या नंबरावर निवडलेल्या अनेकांचे असेच होते. आशा मोठी होती ती आपल्या सर्वांची, आणि तिचे ओझे दिले गेले एका खेड्यातल्या मुलाच्या खांद्यावर.

आता सौद्याची दुसरी पद्धत पाहू. ती म्हणजे लिलाव. उर्दूत आपण ‘नीलाम’ म्हणतो. मराठीतला लिलाव आणि उर्दूतला नीलाम हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दावरून आले आहेत. ‘बोली’ या शब्दाचे तर दोन्ही भाषांत सारखेच दोन अर्थ आहेत : एक भाषा आणि दुसरा लिलावात पुकारलेली किंमत.

आपल्या मातीतल्या कबड्डीची ‘प्रो कबड्डी लीग’ ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तिच्यात संघ लिलावातून तयार होतात. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते. खेळाडूचे नाव पुकारले जाते, संघ बोली लावतात आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला तो खेळाडू मिळतो. पहिल्या वर्षी सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले होते. त्या वेळी कबड्डीच्या मानाने ही रक्कम डोळे विस्फारणारी वाटली. चार वर्षांत आकडा कोटीच्या पुढे गेला.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली या स्पर्धेत प्रथमच उतरला. मुंबईच्या यू मुम्बा संघाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. त्या एका हंगामात त्याने चढाईत २१८ गुण मिळवले. दोघे-तिघे बचावपटू पाय धरून बसले, तरी तो त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेई. लोकांनी त्याचे नाव ‘बाहुबली’ ठेवले. मुंबईला हिरा स्वस्तात मिळाला होता.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्या लिलावातील ही सर्वांत मोठी बोली होती. सिद्धार्थ तेथेही चांगला खेळला. त्याने पुन्हा दोनशेहून अधिक गुण मिळवले. पण संघ बारा संघांत अकरावा आला. मग लोक विचारू लागले, ‘दीड कोटी घालून काय मिळाले?’ आता सांगा, यात सिद्धार्थचा दोष कोणता? कबड्डीत एका वेळी सात गडी मैदानात असतात. एकाने गुण आणायचे आणि सहांनी ते गमवायचे, असे झाले तर बाहुबलीही काय करणार?

त्यानंतर कोरोनामुळे एक वर्ष स्पर्धाच झाली नाही. २०२१ मध्ये त्याच संघाने त्याला १ कोटी ३० लाखांना ठेवून घेतले. हंगाम सुरू झाला आणि थोडेच सामने होताच त्याचा खांदा दुखावला. उरलेला हंगाम तो बाहेर बसला. त्या हंगामात टायटन्सने बावीस सामन्यांपैकी फक्त एक जिंकला. २०२२ च्या लिलावात त्याची किंमत २० लाख झाली. आणि २०२३ मध्ये? हरियाणा स्टीलर्सने त्याच सिद्धार्थसाठी १ कोटी रुपये दिले.

हे आकडे एकाखाली एक लिहून पाहा. माणूस एकच, पाच वर्षे, आणि किंमत ३६ लाखांवरून दीड कोटीच्या घरात, तेथून २० लाखांवर आणि पुन्हा कोटीवर. त्याची चढाई करण्याची कला या काळात एवढी वर-खाली झाली असेल का? नाही. बदलत होती ती लोकांची आशा आणि भीती. गेल्या वर्षी तो धावला, तर यंदाही धावेल ही आशा. गेल्या वर्षी त्याचा खांदा दुखावला, तर यंदाही दुखावेल ही भीती. लिलावात किंमत ठरते ती बहुतेक या दोन गोष्टींची.

दुखापतीचा विषय निघालाच आहे, तर पवन सेहरावतचे उदाहरण सांगायलाच हवे. २०२२ मध्ये तमिळ थलैवाज संघाने त्याला २ कोटी २६ लाख रुपयांना घेतले. तोपर्यंत कोणाही कबड्डीपटूला एवढी रक्कम मिळाली नव्हती. पहिलाच सामना चालू असताना त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. सव्वादोन कोटी रुपये काही मिनिटांत गेले! आता हा संघ तळाला जाणार, असे सर्वांना वाटले. पण संघात नरेंदर नावाचा एक नवखा तरुण होता. त्याच्यासाठी कोणी बोली लावली नव्हती. पवनची जागा रिकामी झाली म्हणून चढाईचा भार त्याच्यावर आला. त्याने पहिल्याच हंगामात २४३ गुण मिळवले आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. पवन खेळला असता, तर नरेंदर आपल्याला कधी दिसला असता कोण जाणे.

पुढच्या वर्षी पवनची किंमत आणखी वाढली. तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. प्रत्येक संघाची खर्चाची मर्यादा ५ कोटी होती. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एकाच खेळाडूवर गेला आणि बाकी सगळा संघ उरलेल्या निम्म्यात उभा करावा लागला. पवनने दोनशेच्या वर गुण मिळवले. संघाने बावीसपैकी दोन सामने जिंकले आणि तो शेवटच्या स्थानावर राहिला. दुकानात गेलेल्या माणसाने सगळा पैसा बासमती तांदळावर खर्च करावा आणि डाळ, तेल, मीठ आणायला काही उरू नये, तसे हे झाले.

त्याच वर्षी पुण्याच्या संघाचे काय झाले ते पाहा. पुणेरी पलटणनेही एका खेळाडूवर मोठी रक्कम लावली होती. इराणचा मोहम्मदरझा शादलू हा बचावपटू त्यांनी २ कोटी ३५ लाखांना घेतला. तो महाग होता, पण फुसका बार ठरला नाही. त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यालाच मिळाला. तेव्हा महाग ते वाईट आणि स्वस्त ते चांगले, असा सोपा नियम कोणी काढू नये.

पण पुण्याची खरी कमाई दुसरीच होती. त्यांचा कप्तान होता अस्लम इनामदार. हा त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुण. स्पर्धेत ‘नवोदित तरुण खेळाडू’ असा एक वर्ग असतो. या वर्गातील मुलांवर बोली लागत नाही. संघ त्यांना लिलावाबाहेरच निवडतात आणि ठरलेले मानधन देतात. अस्लम असा बोलीशिवाय आलेला. २०२१ मध्ये पुण्याच्या संघात मोठ्या नावाचे खेळाडू होते. पण हंगाम पुढे सरकला तशी चढाईची जबाबदारी अस्लम आणि त्याच्यासारखाच तरुण मोहित गोयत यांच्याकडे येत गेली. अस्लम चढाई करतो आणि बचावातही पकड करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डाव अटीतटीचा झाला, की त्याचे डोके शांत राहते. हेही कोणत्या मापात बसत नाही.

२०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत प्रो कबड्डीचा अंतिम सामना झाला. पुण्याने हरियाणाला २८ विरुद्ध २५ गुणांनी हरवून प्रथमच विजेतेपद मिळवले. हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमची निवड झाली. ज्याच्या नावाची बोलीच झाली नव्हती, त्याला ‘सर्वांत मोलाचा’ म्हटले गेले. हरलेला संघ कोणता होता, हे लक्षात आले का? सिद्धार्थला एक कोटी देणारा हरियाणा.

आता कबड्डीचे मैदान सोडून थोडे आपल्या शेजारी पाहू. आपल्या गावावरून जाणारा महामार्ग एकीकडे नागपूरला आणि दुसरीकडे अमरावतीला जातो. अमरावतीचा जितेश शर्मा हा विदर्भाकडून क्रिकेट खेळलेला यष्टिरक्षक-फलंदाज. आयपीएल या क्रिकेट स्पर्धेच्या २०१६ च्या लिलावात मुंबईने त्याला १० लाखांना घेतले. दोन हंगाम तो संघात होता, पण एकही सामना खेळला नाही. पाणी घेऊन मैदानात जायचे, सराव करायचा आणि पुन्हा बाकावर बसायचे. त्यानंतर कित्येक वर्षे त्याला कोणी विचारले नाही. २०२२ मध्ये पंजाबच्या संघाने त्याला २० लाखांना घेतले, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. तेथे त्याला शेवटची काही षटके मिळत. त्या थोड्या चेंडूंत तो मोठे फटके मारू लागला. २०२५ च्या हंगामासाठी बेंगळुरूने त्याच्यावर ११ कोटींची बोली लावली.

एवढ्या पैशांना हा कोण, असे विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध बेंगळुरूला २२८ धावा करायच्या होत्या. जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या आणि सामना जिंकून दिला. त्या दिवशी संघाचा कप्तानही तोच होता. ३ जून रोजी बेंगळुरूने अठराव्या हंगामात प्रथमच विजेतेपद मिळवले.

जितेशच्या हिशेबात मुंबईचे ते १० लाख वाया गेले, असे म्हणता येईल. पंजाबच्या २० लाखांचे सोने झाले. आणि बेंगळुरूचे ११ कोटी आज वसूल झाल्यासारखे दिसतात. पण ११ कोटींची पाटी आता त्याच्या पाठीवर आहे. तो शून्यावर बाद झाला, की प्रत्येक वेळी लोक आधी ती पाटी वाचतील आणि मग त्याचा खेळ पाहतील. वीस लाखांचा जितेश शून्यावर बाद झाला, तेव्हा असे काही कोणी मोजत नव्हते.